शेजारच्या डोंगरावरची लुईझा

आपल्या मराठी शाळेचे सगळे शिक्षक, आई-बाबा, भारतातून आलेले आजी-आजोबा आणि अजून चेहऱ्यावरचा रंगही न उतरवलेल्या माझ्या बालमित्रांनो,

प्रमुख पाहुण्यांचं भाषण म्हणजे नाच आणि समोसे यांच्यामधला अडथळा, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे थेट गोष्टच सांगते.

आपल्यापैकी बरेच जण सफरचंदं तोडायला बिलपिनला जातात. रिचमंड मागे पडतं, गाडी बेल्स लाइन रोडचा चढ चढायला लागते आणि मागच्या सीटवरून ‘अजून किती वेळ?’ सुरू होतं. त्याच चढावर करजाँग हाइट्स लागतं. सिडनीतल्या आपल्या केलीव्हिलहून तासभरसुद्धा लागत नाही, पण तिथे कुणी थांबत नाही. या गावात १८६० च्या सुमारास फर्नहर्स्ट नावाच्या घरात लुईझा अ‍ॅटकिन्सन नावाची पंचविशीतली मुलगी आईबरोबर राहत होती. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, सावित्रीबाईंनी पुण्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा ही लुईझा तेरा-चौदा वर्षांची होती.

तिचा जन्म २५ फेब्रुवारी १८३४ चा, सटन फॉरेस्टजवळच्या ओल्डबरीचा. ती जेमतेम दोन महिन्यांची असताना वडील गेले. आईनं दुसरं लग्न केलं आणि ते फार वाईट निघालं. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ही बाई चार मुलांना घेऊन रानावनातून, डोंगर उतरून बाहेर पडली. मग मुलं आईकडे राहावीत की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या भांडणातही ती हरली नाही. एवढ्या धामधुमीत, १८४१ साली, तिनं मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं आणि ते सिडनीत छापलं गेलं. ऑस्ट्रेलियात छापलेलं लहान मुलांचं ते पहिलं पुस्तक. वर लेखिकेचं नाव नव्हतं. शार्लट बार्टन हे नाव लोकांना कळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. माझा जीव लुईझाइतकाच या आईत अडकलाय, पण आज विषय लेकीचा आहे.

लुईझाची तब्येत नाजूक. त्यामुळे शाळा घरीच, आईच्या हाताखाली. २३ व्या वर्षी, १८५७ साली, तिची पहिली कादंबरी आली. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बाईनं लिहून प्रसिद्ध झालेली ती पहिली कादंबरी, आणि तिच्यातली चित्रंही तिनंच काढली होती. पण कादंबरीपेक्षा मला ती भावते ती तिच्या पायपिटीसाठी. करजाँगच्या घळींमध्ये उतरून ती नेची, फुलं, झुडपं गोळा करायची, त्यांची चित्रं काढायची आणि नमुने मेलबर्नला फर्डिनांड फोन म्युलर या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोहोचवायची. झुडपांतून फिरताना घोळदार झगा अडकतो म्हणून तिनं सरळ विजार चढवली. गावात कुजबुज झाली. आपल्या काष्ट्याच्या लुगड्याची युक्ती तिला कुणी सांगितली असती तर कुजबुज थोडी कमी झाली असती, एवढंच.

म्युलरनं एका झुडपाला तिचं नाव दिलं, अ‍ॅटकिन्सोनिया. हे झुडूप फक्त ब्लू माउंटन्स परिसरात सापडतं आणि ते बांडगुळाच्या जातीचं आहे. आपल्याकडे कुणाचं नाव बांडगुळाला दिलं तर हाणामारी होईल! पण हे बांडगूळ फांदीवर बसत नाही. स्वतः मातीत उभं राहतं आणि शेजारच्या झाडांच्या मुळांतून काही अन्न घेतं. अर्थात, मेलबर्नला नाव ठरण्याआधी हजारो वर्षं इथल्या दारुग लोकांना या घळी पाठ होत्या, हेही लक्षात असू द्या.

मघाशी तुम्ही सवाल-जवाब गायलात ना? करजाँगच्या त्याच घळींमध्ये व्हिपबर्ड राहतो. नर चाबूक ओढल्यासारखी शीळ घालतो आणि मादी इतक्या तत्काळ दोन सुरांनी उत्तर देते, की ऐकणाऱ्याला वाटावं एकच पक्षी गातोय. असल्या रानात कान उघडे ठेवून फिरणारी ही मुलगी १८६० पासून सिडनीच्या वर्तमानपत्रांत ‘खेड्यातला आवाज’ अशा अर्थाच्या नावाचं सदर लिहायला लागली. त्यात झाडं होती, पक्षी होते, ऋतू होते. आणि एक धोक्याची सूचनाही होती. अशीच झाडं तोडत राहिलो तर पन्नासेक वर्षांत शेकडो मैल मुलूख उघडा पडेल, असं तिनं स्पष्ट लिहून ठेवलं. पश्चिम सिडनीच्या कंबरलँड मैदानातलं मूळचं रान आज दहा टक्केही उरलेलं नाही. आपल्या आसपासच्या घरांखाली त्यातलंच काही गेलं आहे. त्यातल्याच एका घरात मी राहते, त्यामुळे फार बोलत नाही.

आता तिच्या कामाचा एक भाग, जो अभ्यासक एका ओळीत उरकतात. करजाँगच्या शेजारपाजारी लिहिता-वाचता न येणारी खूप माणसं होती. लुईझा त्यांची पत्रं लिहून द्यायची, फुकट. म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची विचारपूस करायची. गावातल्या पोरांसाठी तिनं रविवारची शाळा सुरू केली, त्या भागातली पहिली. माझ्या मते तिचं फुलं गोळा करणं आणि पत्रं लिहून देणं ही दोन कामं नव्हतीच. आपण जिथे राहतो तिथे कोण कोण राहतं हे तिला माहीत करून घ्यायचं होतं, मग ते नेचं असो की शेजारची आजी. इथे बसलेल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी बाराखडी गिरवून घेणारी ही मंडळी त्याच जातकुळीची आहेत.

आई १८६७ साली गेली. शेवटपर्यंत लुईझानं तिची सेवा केली. १८६९ साली जेम्स कॅल्व्हर्टशी लग्न केलं, १८७२ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. अठरा दिवसांनी नवऱ्याचा घोडा स्वाराशिवाय एकटाच घरी आला. नवरा सुखरूप होता, पण धक्का तिला सोसला नाही, असं सांगतात. २८ एप्रिलला ती गेली. वय ३८. तिची शेवटची कादंबरी त्यानंतर छापून आली.

मुलांनो, मला बक्षिसं निवडायला सांगितलं होतं. मी चषक आणले नाहीत. चित्रांच्या कोऱ्या वह्या आणि पेन्सिली आणल्यात. पहिल्या पानावर तुमच्या गल्लीतलं एक झाड हवं, पानाच्या शिरांसकट. दुसरं पान आजी-आजोबांचं. त्यांना इथल्या डॉक्टरांचं किंवा कौन्सिलचं जे इंग्रजी पत्र समजत नाही, ते वाचून त्यातलं महत्त्वाचं मराठीत लिहून द्यायचं. अक्षर कसंही असलं तरी चालेल, शुद्धलेखन तुमच्या बाई तपासतील.

सूत्रसंचालक मघापासून घड्याळाकडे बघतायत. पहिलं नाव वाचा, ताई.