केबल घेताना काय पाहावे?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून काही जणींना हसू आले असेल. मोबाईलची केबल, म्हणजे आपल्या बोलण्यातली चार्जरची वायर, हा काय सभेत बोलण्याचा विषय? तुटली की मुलाला सांगावे, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून देतो. पण आज आपले गॅसचे सिलिंडर फोनवरून नोंदवले जाते, भाजीवाल्याचे पैसे फोनवरून दिले जातात, डॉक्टरांचे कागद आणि नातवंडांची छायाचित्रे फोनमध्येच असतात. हा सारा संसार त्या एका वायरीवर अवलंबून आहे. साडी घेताना आपण पोत चाचपतो, तांदूळ घेताना मूठभर तळहातावर घेऊन पाहतो. केबल मात्र रंग पाहून घेतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण या वस्तूला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडेल.

आमच्या आळीतील एका आजींची हकीकत सांगते. त्यांचे यजमान वारले तेव्हा त्यांची शेवटच्या दिवसांतली छायाचित्रे आणि बोलणे एका जुन्या फोनमध्ये राहिले होते. ते संगणकावर उतरवून घ्यावे म्हणून पुतण्याने फोन जोडला. फोन चार्ज होऊ लागला, पण संगणकाला काही तो दिसेना. दुरुस्तीच्या एका दुकानात नेला, तर तिथल्या माणसाने सांगितले, “फोन आतून गेला आहे, फोटो विसरा.” आजींनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आपल्याच मंडळातील एक मुलगी स्वतःची केबल घेऊन गेली आणि अर्ध्या तासात सगळे उतरले! फोन धडधाकट होता, उणीव केबलमध्ये होती.

हे कसे झाले ते समजून घेऊ. साध्या यूएसबी केबलच्या आत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन माहिती नेतात. काही स्वस्त केबलींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. वरून दोन्ही केबली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा, “ही नुसती चार्जिंगची आहे, की डेटाचीही?” घरी आणल्यावर फोन संगणकाला जोडून पाहावे. अँड्रॉइड फोनचे कुलूप उघडून त्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. एवढे करूनही फोन दिसला नाही, तर फोनला दोष देण्याआधी दुसरी केबल लावून पाहावी.

दुसरी गोष्ट तोंडाची. जुन्या फोनला बारीक मायक्रो यूएसबी असे. आयफोनला २०१२ पासून लाइटनिंग नावाचे वेगळे तोंड होते. २०२३ साली आलेल्या आयफोन १५ पासून तेथेही सी-टाइप आले. हे सी-टाइप तोंड २०१४ साली ठरवले गेले. ते उलटसुलट कसेही बसते, ही त्याची मोठी सोय. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना सी-टाइपच असावे असा नियम लागू झाला, आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये सी-टाइपचे मानक जाहीर केले. केबलचे दुसरे टोकही पाहावे. आपल्या चार्जरला रुंद चौकोनी तोंड आहे की सी-टाइप, हे न पाहता गेलात तर दुकानाची फेरी फुकट जाते. त्यापेक्षा जुनी केबल आणि चार्जर पिशवीत घालूनच न्यावे.

तिसरी गोष्ट विजेची. बारीक नळीने वरच्या मजल्यावर पाणी चढवले की नळाला धार येत नाही, तसेच येथे होते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. शिवणाच्या दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, तसा गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. वीज नेणारी तार २८ गेजची असेल, तर एक मीटरच्या केबलमध्ये २ अँपिअर प्रवाहाला ५ व्होल्टपैकी सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तीच तार २४ गेजची असेल, तर सुमारे ०.३५. म्हणूनच एका केबलने फोन भरभर चार्ज होतो, तर दुसरीने रात्रभर रेंगाळतो. केबल जितकी लांब तितकी ही घट अधिक, तेव्हा गरजेपुरतीच लांबी घ्यावी.

दोन्हीकडे सी-टाइप असलेली साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत वीज नेते. फोनला ती पुरते. मोठ्या लॅपटॉपसाठी ५ अँपिअरची लागते. तिच्या टोकात एक बारीकशी चिप असते, आणि २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे अशी केबल २४० वॅटपर्यंत जाऊ शकते. जास्त वॅटची केबल लावली तर फोन जळेल अशी भीती बाळगू नका. फोन त्याला हवी तेवढीच वीज घेतो. मात्र काही कंपन्यांच्या फोनचे अतिजलद चार्जिंग त्यांच्या खास केबलनेच पूर्ण वेगाने होते, म्हणून फोनबरोबर आलेली केबल जपून ठेवावी.

चौथी गोष्ट वेगाची. सी-टाइप म्हणजे वेगवान, अशी समजूत पसरली आहे. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बऱ्याच सी-टाइप केबली यूएसबी २.० च्या, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटच्या असतात. त्यांतून ६४ जीबी छायाचित्रे न्यायला कागदावरच्या हिशेबानेही १८ मिनिटे लागतात. ५ गिगाबिटच्या केबलने तेच काम दोन मिनिटांचे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, आणि फोनही तेवढा वेगवान असावा लागतो. वर्षातून एकदा फोटो उतरवणारीला साधी केबल पुरे; नुसत्या वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

केबल वाईट असली तर काय होते, याचे जाहीर उदाहरण आहे. बेन्सन ल्युंग नावाचे गूगलमधील अभियंते २०१५ पासून बाजारातल्या सी-टाइप केबली विकत घेऊन तपासत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी एक केबल जोडली. तिच्या आतल्या तारा चुकीच्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉपच निकामी झाला. जाणकारावर ही पाळी, मग आपण तर बिल घ्यायलाच हवे. नाव-गाव नसलेली केबल घेऊ नये, वॅट व डेटाचा वेग वेष्टनावर छापलेला पाहावा, आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा.

आता एक गंमत ऐका. डेटा न नेणारी जी केबल आजींना नडली, तीच प्रवासात कामाची! स्टेशनावर किंवा हॉटेलात लावलेल्या परक्या यूएसबी जागेतून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत दिला आहे. तेथे नुसती चार्जिंगची केबल वापरावी, किंवा त्याहून बरे, स्वतःचा चार्जर विजेच्या प्लगला लावावा. घरातल्या दोन केबलींना दोन रंगांचे दोरे बांधा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

शेवटी निगा. काढताना वायर ओढू नये, टोक धरून काढावे. गुंडाळताना सैल वेटोळे करावे. चार्ज होणारा फोन उशीखाली वा गादीवर ठेवू नये. टोक काळे पडले, तापू लागले किंवा आतली तार दिसू लागली, तर चिकटपट्टी लावून दिवस काढू नयेत, केबल बदलावी.

भगिनींनो, ‘हे आपल्याला कळत नाही’ असे म्हणून आपण किती गोष्टी दुसऱ्यावर सोपवतो! आजींना कोणी हे चार शब्द आधी सांगितले असते, तर ते दोन दिवस त्यांच्या वाट्याला आले नसते. पुढच्या वेळी दुकानात स्वतः जा, तोंड कोणते, वॅट किती, डेटा जातो का, असे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळाल्यावरच पैसे द्या. आणि घरी कोणाचे जपून ठेवण्यासारखे काही जुन्या फोनमध्ये पडले असेल, तर या आठवड्यातच उतरवून घ्या.