एकेक अणू हलविताना



सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, हे वाक्य शाळेतल्या मुलांना पाठ असते. पण एखादा चौकस मुलगा उठून विचारतो, "गुरुजी, अणू आहे हे कशावरून?" हा प्रश्न पोरकट नाही, बरं का! व्हिएन्नाचे विख्यात शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनाही अणूच्या अस्तित्वाविषयी संशय होता. पुढे १९५२ साली एर्विन श्रोडिंगर यांच्यासारख्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पंडिताने लिहिले, की एकट्यादुकट्या अणूवर आपण प्रयोग करीतच नाही.

अडचण काय होती, पाहा. केसाच्या जाडीत लोखंडाचे दोन लाखांहून अधिक अणू ओळीने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाश लागतो, आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी अणूच्या हजारपटीहून जास्त. अंगठ्याने सुईचे नेढे चाचपावे, तशातला तो प्रकार!

१९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळच्या आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत, गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी निराळी वाट काढली. टोकाशी जवळजवळ एकच अणू राहील अशी अणकुचीदार सुई त्यांनी धातूच्या पृष्ठभागाशी नेली, पण टेकविली नाही. मधे फट असूनही विजेचा थोडा दाब दिला की इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. डोंगर चढण्याचे बळ नसताना जणू बोगद्यातून पार व्हावे, तसे. म्हणून या यंत्राला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप म्हणतात. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी सुई जवळ आली, की विजेचा प्रवाह सुमारे दसपट होतो. शेतात नांगर तासामागून तास घेतो, तशी ही सुई ओळीमागून ओळ फिरते. प्रवाह कायम राहावा म्हणून ती जिथे वर घ्यावी लागते तिथे उंचवटा, खाली न्यावी लागते तिथे खळगा. या नोंदींवरून चित्र तयार होते. या शोधाबद्दल दोघांना १९८६ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पुढची पायरी १९८९ साली त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी गाठली. निकेलच्या पृष्ठभागावर त्यांनी झेनॉन वायूचे अणू बसविले. उबेने ते भटकू नयेत म्हणून सारे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले. सुई अणूच्या आणखी जवळ नेली की दोघांतली ओढ वाढते. सुई बाजूला सरकली की अणू तिच्यामागे घसरत येतो. सुई वर उचलली की तो तिथेच राहतो. अशा रीतीने ३५ अणू मांडून त्यांनी कंपनीच्या नावाची तीन अक्षरे लिहिली. १९९३ साली तांब्यावर लोखंडाच्या ४८ अणूंचे रिंगण उभे राहिले, आणि आतल्या इलेक्ट्रॉनांच्या लहरी चित्रात उमटल्या.

कुणी म्हणेल, मग आता हवी ती वस्तू अणूला अणू जोडून करू. जरा दमानं घ्या! सेकंदाला एक या वेगाने एका ग्रॅम लोखंडातले अणू मांडायचे म्हटले, तर तीन कोटी कोटींहून अधिक वर्षे लागतील. या यंत्राचे मोल ज्ञानासाठी आहे.

तेव्हा गुरुजनहो, त्या मुलाला खरे तेच सांगा. अणूंची ही चित्रे म्हणजे फोटो नव्हेत. ते सुईच्या चाचपणीचे नकाशे आहेत, आणि त्यातले रंग माणसांनी भरलेले आहेत. पण जी वस्तू ठरवून एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकविता येते, आणि पुन्हा चाचपून पाहावे तर तिथेच सापडते, ती नाही असे कसे म्हणावे? एवढे सांगून पुढचा प्रश्न त्यालाच विचारू द्या.