विद्यार्जन आणि अर्थार्जन
(परळी वैजनाथ येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



श्रावणी सोमवार असो वा महाशिवरात्र, वैजनाथाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंमुळे आपल्या गावातील उपाहारगृहे गजबजून जातात. अलीकडे त्यांत वडापाव, पावभाजी व चायनीजच्या गाड्यांची भर पडली आहे. तेथे बशा विसळणारा वा कढईपाशी उभा असलेला मुलगा पुष्कळदा विद्यार्थी असतो. क्वचित आपल्याच ज्ञातीचाही असतो. त्याला पाहून काहींना कमीपणा वाटतो. वास्तविक, माधुकरी मागून व वार लावून शिकलेल्यांचा जर आपण अभिमानाने उल्लेख करतो, तर घाम गाळून शिकणाऱ्याची लाज का बाळगावी?

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपणच करीत. पुढे १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणासही लागू झाले.

परंतु एक भेद ध्यानी घ्यावा. कर्मवीरांकडे काम देणारा आणि अभ्यासाची चिंता वाहणारा एकच होता. म्हणून तेथे काम अभ्यासाच्या सोयीने चाले. गाडीवर अभ्यास कामाच्या सोयीने चालतो. गिऱ्हाईक येते सायंकाळनंतर, आणि मुलाची वाचनाची वेळही तीच. रात्री उशिरा घरी परतलेला मुलगा सकाळच्या तासाला पेंगतो. हाती रोख पैसा खेळू लागला की शाळा हळूहळू सुटते.

कायद्याने हा धोका ओळखलेला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे हा गुन्हा आहे; शाळेनंतर वा सुटीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यास हातभार लावण्याची मोकळीक मात्र आहे. १४ ते १८ वयाच्या मुलास धोक्याचे काम देता येत नाही. तसेच सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत त्यास कामावर ठेवता येत नाही. म्हणजे गाडीचा खरा धंदा सुरू होतो, तेव्हा त्या मुलाने घरी असावयास हवे.

या सभेत उपाहारगृहांचे चालक बसले आहेत आणि त्या मुलांचे पालकही. चालकांना माझी विनंती आहे की, वयाचा दाखला पाहिल्यावाचून कोणास ठेवू नये आणि महाविद्यालयीन तरुणास परीक्षेच्या काळात रजा द्यावी; त्यामुळे त्याची जागा जाऊ नये. पालकांनी मुलाच्या मिळकतीवर घरखर्च बसवू नये. एकदा तो बसला की मुलगा पुन्हा शाळेत जात नाही.

आणि आपल्या मंडळाने काय करावे? गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. तो अवश्य व्हावा. परंतु शाल-श्रीफळाच्या खर्चातून काही रक्कम बाजूस काढून, फी थकल्यामुळे कामास लागलेल्या मुलाची फी प्रथम भरावी. तो मुलगा आपल्या ज्ञातीचा नसला, तरीही भरावी. कर्मवीरांच्या पंक्तीत कोणाची जात विचारली जात नसे, एवढे स्मरण ठेवून मी आपली रजा घेतो.