पाहुण्याने यजमान व्हावं



वसईच्या होळी बाजारात हल्ली अधूनमधून कुणीतरी थांबवून सांगतं, 'लेक सहा महिन्यांसाठी जर्मनीला चाललीय, कॉलेजकडूनच.' फी, व्हिसा, विमा, तिकीट, सगळ्याची तयारी चोख असते. तिथे तिला माणसं कशी मिळणार, एवढीच गोष्ट घरात कुणी बोललेलं नसतं. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे, कारण परदेशी गेलेलं मूल अभ्यासापेक्षा एकटेपणानेच जास्त खचतं, असं माझं ठाम मत आहे.

वसईला हे नवं नाही. संत गोन्सालो गार्सिया इथले. सोळाव्या शतकात, पोरवयातच, जेझुइट धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले. तिथल्या माणसांत राहून जपानी इतकं शिकले की पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषे झाले. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मरण आलं. त्यांच्या हौतात्म्याविषयी आपण नेहमी बोलतो. पण त्याआधीची ती परभाषेत रुजण्याची वर्षंही वसईच्या मुलांना सांगायला हवीत.

आता अमेरिकेला डॉक्टरी शिकायला गेलेल्या आनंदीबाई जोशी. त्यांच्या अमेरिकेतल्या वास्तव्याची सुरुवात जहाजावर झाली नाही, टपालात झाली. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं. ते १८८० साली थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत चाळताना वाचलं आणि त्यांनी पत्र पाठवलं. मग तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली: सण, रीतिरिवाज, प्रकृती, घरच्या गोष्टी. ४ जून १८८३ ला अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा घ्यायला आलेली बाई त्यांना अनोळखी नव्हती. त्या तिला मावशी म्हणत.

तो उन्हाळा त्यांनी न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटरांच्या घरी काढला. आणि तिथे त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. स्वतः रांधून कार्पेंटरांच्या स्नेह्यांना आपल्या पद्धतीचं जेवण घातलं, बायकांना साड्या नेसवल्या. ज्या घरात त्या पाहुण्या होत्या, त्याच घरात एका दिवसापुरत्या यजमानीण झाल्या. माझ्या मते परक्या देशात रुळण्याची खरी सुरुवात इथे होते. तुम्ही नुसते घेत राहिलात तर लोक तुमची काळजी घेतात, कीवही करतात. तुमच्याकडेही देण्यासारखं काही आहे हे दिसलं, की मैत्री होते.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासोबत काढलेला १८८५चा त्यांचा फोटो आपण पाहिलेला असतो. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पण त्या वर्षांत थंडी होती, शाकाहार सांभाळताना होणारी आबाळ होती, आजारपण होतं. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी पोकिप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून घेतली. चार वर्षांपूर्वी धक्क्यावर घ्यायला आलेल्या बाईने हे केलं.

सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांना मात्र एक अडचण आहे. स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या दोनशेहून जास्त देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले बरे रुळले होते, अठरा महिन्यांहून जास्त राहिलेलेही. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं सर्वांत कमी जमलं होतं. सुरुवातीची नवलाई ओसरते आणि खरी नाती अजून जुळलेली नसतात, तो हा काळ. म्हणजे आपली लेक नवलाईच्या भरातच परत येणार. माणसं 'हळूहळू होतील' म्हणून थांबायला तिच्याकडे वेळच नाही. पहिल्या पंधरवड्यातच तिने कुणाला तरी जेवायला बोलवावं.

कसं बोलवायचं, हेही सांगतो. आपल्याकडे 'ये की कधीतरी घरी' म्हटलं की माणूस खरंच येतो. जर्मनीत तारीख नसलेलं आमंत्रण कुणी मनावर घेत नाही. 'गुरुवारी सात वाजता मी खिचडी करतेय, येणार का?' असं विचारावं. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सामाईक असतं, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. खोलीत दार लावून जेवण्यापेक्षा त्या ओट्याशी उभं राहून फोडणी द्यावी. वासानेच दोघं डोकावतात. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी कांदा-बटाटा भरून ठेवला असेल तर रविवारी शेजाऱ्याला उसना देता येतो. बॅगेत आगाशीची सुकेळी टाकावी. ती काय आहेत हे सांगता सांगता अर्धा तास सहज जातो.

आपल्या माणसांत राहू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांना तिथे नवल भथेना भेटले, एक पारशी विद्यार्थी. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये दोघं एकत्र राहिले. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब १९२० साली निघाले, तेव्हा भथेना पैशाने पाठीशी उभे राहिले. मुंबईत त्या काळी या दोन घरांतल्या मुलांनी एका खोलीत राहण्याचा योग किती आला असता? तेव्हा आपल्या देशातलाच, पण इथे कधी भेटला नसता असा माणूस तिथे शोधा. मला भीती आहे ती मोबाइलची. रोज संध्याकाळी दोन तास आईशी व्हिडिओवर बोलणाऱ्या मुलाची तिथली संध्याकाळ उरतच नाही. आईबापांनो, हे तुम्हाला सांगतोय. आठवड्यातून दोनदा बोला, आणि 'जेवलास का' याच्याबरोबर 'कुणाबरोबर जेवलास' हेही विचारा.

आणि शेवटी एक विनंती. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणजे तिकडूनही मुलं येतात. पवईच्या आयआयटीत युरोपातले विद्यार्थी एका सत्रासाठी येऊन राहतात. त्यातल्या कितींनी एखाद्या मराठी घरात पाय ठेवला असेल? आपल्यापैकी पाच घरांनी तयारी दाखवली, तर या नाताळात पाच मुलांना वसईला आणता येईल: किल्ला दाखवायचा, दुपारी घरी जेवायला, संध्याकाळी विरार लोकलची गर्दी उलट दिशेला असते तेव्हा परत सोडायचं. ज्यांची तयारी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे नाव द्यावं; आयआयटीशी पत्रव्यवहार मी करतो.