चक्रीवादळ ओळखा, बाग सांभाळा



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आपल्या दापोली-मंडणगडातील नारळ, सुपारी, आंबा, काजूच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. असे वादळ होते कसे?

मोसमी पावसाच्या आगेमागे अरबी समुद्र तापलेला असतो. पाण्याचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले, की बाष्पाने भरलेली हवा वर चढते. खाली दाब कमी होतो व चोहोबाजूंचा वारा तिकडे धावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागतो. जमिनीवर आल्यावर बाष्प तुटते व जोर ओसरतो. म्हणून मोठा तडाखा किनाऱ्याला बसतो.

वादळाचा डोळा माथ्यावर आला, की वारा एकदम पडतो. वादळ गेले असे समजून बागेत जाऊ नका. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने येतो.

इशारा मिळताच तयार आंबा उतरवा, नव्या कलमांना काठीचा आधार द्या, नारळाच्या वाळलेल्या झावळ्या काढा. वादळानंतर कलंडलेले कलम लगेच तोडू नका. मुळे शाबूत असल्यास फांद्या छाटून ते उभे करा, मातीची भर द्या व कापांना बोर्डो पेस्ट लावा.