डॉ. शिरोडकर यांचा टांका
(नरसिंहपूर येथें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



नीरा-भीमेच्या या संगमावर, नरसिंहाच्या पायरीशीं, मूल टिकावें म्हणून पदर पसरणाऱ्या बाया आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. माझ्या आजीची धाकटी बहीण त्यांतलीच. तिला तीन वेळां दिवस गेले, आणि तिन्ही वेळां पांचव्या महिन्यांत, फारशा कळा न येतां, पोट पडलें. घरच्यांनीं तिला पांढऱ्या पायाची ठरविलें. हळदीकुंकवाचें बोलावणें बंद झालें, नवऱ्यानें दुसरें लग्न केलें. तिच्या देहांत काय बिघडलें होतें, हें कोणी विचारलें नाहीं.

हाच प्रश्न विचारणारे एक डॉक्टर मुंबईस होऊन गेले. त्यांचें नांव विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ सालीं, गोव्यांतील शिरोडें गांवीं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १९२३ सालीं ते डॉक्टर झाले, पुढें एम. डी. झाले, विलायतेस जाऊन १९३१ सालीं एफ. आर. सी. एस. झाले. परतल्यावर जे. जे. इस्पितळांत बाळंतपणें केलीं व त्याच कॉलेजांत प्राध्यापक म्हणून विद्यार्थी घडविले.

चौथ्या ते सातव्या महिन्यांत पुन्हा पुन्हा पोट पडणाऱ्या बाया त्यांच्याकडे येत. विश्रांति दिली, औषधें दिलीं, तरी गर्भ राहीना. त्यांनीं ताडलें, कीं यांतल्या कित्येकींचा गर्भ निरोगी आहे, पण गर्भाशयाचें मुख कमजोर आहे. भार वाढतांच तें निमूट उघडतें. पोत्याचें तोंड ढिलें राहिलें, तर चांगला दाणाहि सांडतो. त्यांत दाण्याचा काय दोष?

मग त्यांनीं त्या बाईच्याच मांडीच्या स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी काढून, ती गर्भाशयाच्या मुखाभोंवतीं ओवून आवळली. ज्यांच्या हातीं आरी-दाभण आहे त्यांना यांतलें कसब कळेल; धागा कच्चा असला तर तुटतो, फार आवळला तर चामडें फाटतें. इथें तर काम जिवंत देहाचें! १९५५ सालीं मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. दोन वर्षांनीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. मॅकडोनल्ड यांनीं बटव्याच्या नाडीसारखा सोपा टांका काढला. पण जगभरच्या वैद्यक ग्रंथांत शिरोडकरांचें नांव राहिलें तें राहिलेंच. सरकारनें त्यांना पद्मविभूषण दिलें तें १९७१ सालीं. त्याच वर्षीं ते वारले.

सगळींच पोटें या टांक्यानें राहतात असें नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत पडणारें पोट बहुधा गर्भाच्याच दोषानें पडतें. तेथें टांका कामाचा नाहीं. म्हणून पहिल्याच तपासणीस डॉक्टरला सांगावें, कीं मागें कितव्या महिन्यांत पोट पडलें आणि कळा आल्या होत्या कीं नाहीं. बाईला लाज वाटली तर सासूनें सांगावें, नवऱ्यानें सांगावें. टांका घालावयाचा तर तो बहुधा तिसरा महिना सरतां सरतां घालतात व नवव्या महिन्यांत काढतात. मधेंच कळा सुरू झाल्या, तर रात्र असो वा पाऊस, तसेंच इस्पितळ गांठावें.