कर्जाचा हप्ता आणि विहिरीचे पाणी

(भोकरदन येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



केळना नदीच्या काठचे आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. दोन सहस्र वर्षांपूर्वी इतक्या दूर दान पाठविण्याइतकी समृद्धी या नगरीत होती. अशी समृद्धी टिकते कशाच्या आधारावर? हाच प्रश्न आज जगभरातील भांडवल विचारू लागले आहे.

‘सेबी’ने २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना पाणी, ऊर्जा, प्रदूषण आणि कामगारहित यांचा लेखाजोखा देणे अनिवार्य केले. जानेवारी २०२३ मध्ये भारत सरकारने प्रथमच हरित रोखे विक्रीस काढले. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, जून २०२३ पासून ज्या बँका ‘हरित ठेवी’ स्वीकारतील, त्यांना तो पैसा कोठे गुंतविला याचे त्रयस्थ परीक्षण करून घ्यावे लागते. यामागे केवळ भूतदया नाही. निसर्गाचा आधार सुटला की दिलेले कर्ज बुडते, हा रोकडा हिशेब त्यामागे आहे.

हा हिशेब जालना जिल्ह्याला परक्याने शिकवावा असे नाही. मोसंबीची बाग फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. त्यासाठी कर्ज देताना सातबारा पाहिला जातो, जमीन तारण घेतली जाते. परंतु हप्ता जमिनीतून नव्हे, फळातून फेडावयाचा असतो आणि फळ पाण्यावर अवलंबून असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा तारण जागेवरच होते. आटल्या होत्या त्या विहिरी. मग कर्जाचे पुनर्गठन होते, हप्ते लांबतात, व्याज मात्र चढतच राहते.

याच दुष्काळात जालना तालुक्यातील कडवंचीने आपल्या द्राक्षबागा जगविल्या. तेथे १९९६ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम सुरू झाले होते. जर्मन विकास बँकेचा निधी नाबार्डमार्फत आला आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावाला हाताशी धरले. हे अनुदान होते, तरीही त्यास अटी होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. गावाने आधी आपली शिस्त सिद्ध करावयाची, मग निधी वाढावयाचा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडले, माती थांबली आणि नंतरच द्राक्षबागांत पैसा गुंतला. आधी निसर्गाची पत, मग माणसाची पत, असा तो क्रम होता.

पुढे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्यात जालना जिल्हाही आहे. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. शेततळे ओढ्याच्या किंवा पावसाच्या पाण्याने भरले, तर ती साठवण. तेच प्लास्टिकचे अस्तर घालून विहीर-कूपनलिकेच्या उपशाने भरले, तर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या तळ्यात येते आणि उन्हात उडून जाते. कागदावर दोन्ही ‘जलसंधारण’च! गाईचे दोहन आणि गाईचे शोषण यांतील भेद आपल्या परंपरेने जाणला होता. आज तो कर्जमंजुरीच्या टेबलावर आणण्याची आवश्यकता आहे.

या सभेत पतसंस्थांचे संचालक आहेत, ठेवीदार आहेत, कर्जदार शेतकरीही आहेत. संचालकांनी कर्जाच्या अर्जासोबत एक प्रश्न अवश्य विचारावा: शेवटचा हप्ता फेडेपर्यंत या विहिरीला पाणी राहील काय? ठेवीदारांनी व्याजदराबरोबरच आपला पैसा कोणत्या कामी लागतो, हेही विचारावे. आणि शेतकरी बांधवांनी बागेसाठी कर्ज काढण्यापूर्वी शिवारात पाणी अडविण्यासाठी गाव एकत्र करावा. पाण्याचा ताळेबंद ज्या गावात वैशाखातही जुळतो, त्या गावाला दिलेले कर्ज बुडण्याची धास्ती कमी. तो ताळेबंद मांडण्याचे काम भोकरदनच्या प्रत्येक गावाने हाती घ्यावे, एवढीच विनंती.